वाचकांचे प्रश्न : खोक्यावरचा आकडा आणि हातातले यंत्र

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांमधली तक्रार एकाच जातीची आहे. जाहिरातीत किंवा खोक्यावर जो आकडा वाचून वस्तू घेतली, त्याचा प्रत्यय वापरताना येत नाही. हे आकडे सहसा खोटे नसतात, पण आपल्याला पडलेला प्रश्न एक असतो आणि ते उत्तर देत असतात दुसऱ्याच प्रश्नाचे. त्या दृष्टीने यावेळची पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : माझा लॅपटॉप सात वर्षांचा असून सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेतो. दुरुस्ती करणारे गृहस्थ रॅम वाढवून घ्या म्हणतात, तर मुलगा म्हणतो की नवाच घ्या. त्यातच विंडोज १० चा आधार बंद झाल्याचे वाचले. मला पत्रव्यवहार, इंटरनेट आणि थोडेफार हिशेब एवढेच करायचे असते. काय करावे?

उत्तर : कोणाचाही सल्ला मानण्याआधी संगणकालाच विचारावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या विभागात सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (म्हणजेच रॅम) आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. लॅपटॉप सुरू करून आपली नेहमीची कामे उघडावीत आणि दोन-तीन मिनिटे हे आलेख नुसते पाहत राहावे. डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल आणि मेमरी मात्र निम्मी रिकामी असेल, तर रॅम वाढवून काडीचाही फरक पडणार नाही, कारण खोळंबा हार्ड डिस्कपाशी झालेला आहे.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरीची तबकडी असते. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि तिच्यावरून वाचन करणारा दांडा पुढेमागे सरकतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन योग्य भाग दांड्याखाली येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एकदाच जायचे असते तर हा वेळ जाणवलाही नसता, परंतु विंडोज सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी दांड्याची ही धावपळ होते. एसएसडी म्हणजे चिपवर मजकूर साठवणारी डिस्क; तिच्यात हलणारा भागच नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते. जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवली की तो नव्यासारखा वाटू लागतो, तो यामुळे. सेकंदाला किती मेगाबाइट वाचले जातात हा जो आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो, त्याचा या बदलात वाटा थोडाच आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये बसणारी साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला जेमतेम ५५० मेगाबाइटपर्यंत जाते, नव्या एनव्हीएमई प्रकारातल्या काही ७,००० चा दावा करतात, पण पत्र लिहिणाऱ्याला आणि बातम्या वाचणाऱ्याला या दोहोंतला फरक सांगितल्याशिवाय कळायचा नाही. मोठमोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने त्या आकड्याचा विचार करावा, आपण करू नये.

मेमरीचा आलेखही ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल, तर मात्र रॅमचा सल्ला बरोबर आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज पडेल तेव्हा परत आणते, त्यामुळे डिस्क आणखीच अडते. चार जीबी रॅम असल्यास ती आठ करून घेण्यात शहाणपण आहे. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते आणि ती बदलता येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत खात्री करून घ्यावी.

याच खिडकीत सीपीयूच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ नावाची नोंद असते, म्हणजे संगणक शेवटचा नव्याने सुरू होऊन किती वेळ झाला त्याची; तीही पाहून घ्यावी. रोज रात्री नेमाने संगणक बंद करणाऱ्यांनाही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो आणि ते चक्रावतात. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर प्रणालीचा गाभा पूर्णपणे न मिटता डिस्कवर जपून ठेवला जातो, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो लवकर उघडता येतो. या सोयीला ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात. अनेक दिवसांचा साचलेला गोंधळ त्यामुळे तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून संगणक अडखळू लागला की तो बंद करून चालू करण्याऐवजी रीस्टार्ट करावा. या उपायाला खर्च नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ लॅपटॉप चालायचा थांबेल असा नाही, तर त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी नेहमीप्रमाणे आपोआप बुजवल्या जाणार नाहीत असा आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आपला लॅपटॉप नेमका सीमारेषेवरचा आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम चालवला की तो अलीकडे आहे की पलीकडे हे लगेच कळेल.

तो पात्र ठरला तर एसएसडी बसवून विंडोज ११ घ्यावे. आपल्या कामासाठी तो आणखी काही वर्षे सहज पुरेल. पात्र ठरला नाही, तर त्याच्या रॅमवर खर्च करू नये. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवून थोडा अवधी मिळवता येतो. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणालीही घालता येते, आपण सांगितलेली तिन्ही कामे तिच्यावर उत्तम होतात. एसएसडीवर केलेला खर्च मात्र कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाही, कारण पुढे लॅपटॉप मोडीत काढला तरी ती बाहेर काढून एन्क्लोजर नावाच्या यूएसबीच्या डबीत बसवली की सुटी डिस्क म्हणून वापरता येते.

प्रश्न : एका दस्तऐवजातले तीन-चार वेगवेगळे उतारे दुसरीकडे न्यायचे असले की दर वेळी ये-जा करावी लागते. शिवाय ब्राउझरमधला टॅब चुकून बंद झाला की तो पत्ता पुन्हा सापडत नाही.

उत्तर : विंडोजचे बटण आणि व्ही एकत्र दाबावे. पहिल्या वेळी ही सोय सुरू करण्याची परवानगी विचारली जाईल. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीसपर्यंत गोष्टी यादीत दिसतात, त्यामुळे सगळे उतारे एकामागोमाग कॉपी करून मग हवे तिथे एकेक चिकटवता येतात. पासवर्ड कॉपी केल्यास तोही या यादीत राहू शकतो, हे मात्र विसरू नये. बंद झालेल्या टॅबसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि टी. जितक्या वेळा दाबाल तितके आधीचे टॅब परत येतात.

प्रश्न : माझ्या फोनची बॅटरी ५,००० एमएएच आहे आणि पॉवर बँक १०,००० एमएएच. फोन दोनदा पूर्ण भरायला हवा, पण जेमतेम सव्वा वेळा भरतो. पॉवर बँक बनावट आहे का?

उत्तर : नसावी. खोक्यावरचे १०,००० एमएएच हे आतल्या लिथियम बॅटरीच्या दाबाला, म्हणजे सुमारे ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की ३७ वॉट-तास होतात आणि साठवलेल्या ऊर्जेचे खरे माप हेच आहे. पॉवर बँकेतून वीज बाहेर येते ती ५ व्होल्टने किंवा त्याहून अधिक दाबाने, म्हणजे ३७ ला ५ ने भागावे लागते आणि हाती ७,४०० एमएएच उरतात. दाब वाढवताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, फोनमध्ये तो पुन्हा खाली आणताना आणखी जाते, आणि चार्जिंग चालू असताना फोन वापरत असाल तर तेवढा खर्च वेगळा. हे सगळे वजा केल्यावर सव्वा वेळ हा हिशेब बरोबर बसतो. चांगल्या कंपन्या खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून वेगळा आकडा छापतात. खरेदी करताना तो वाचावा. वॉट-तासांचा आकडा विमानप्रवासातही उपयोगी पडतो. परवानगीशिवाय जवळ बाळगता येणाऱ्या पॉवर बँकेची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास आहे, आणि ती चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

प्रश्न : एक टेराबाइटची डिस्क घेतली, पण संगणक ९३१ जीबीच दाखवतो. उरलेली जागा कुठे गेली?

उत्तर : कुठेही गेलेली नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. भागाकार करून पाहावा, ९३१ च येतात.

प्रश्न : नव्या फोनला यूएसबी-सी आहे. तरीही मोठा व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. केबल फोनसोबतच आलेली आहे.

उत्तर : यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचे नाव आहे. त्या आकारामागे कोणत्या वेगाचे जोडकाम आहे, हे त्यावरून कळत नाही. फोनसोबत येणाऱ्या केबल बहुधा चार्जिंगपुरत्या असतात आणि त्यांच्यातून माहिती जाते ती यूएसबी २.० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. हे मानक २००० सालचे आहे. बिटचे बाइट करून आणि प्रत्यक्षातली घट धरून सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट पदरात पडतात, म्हणजे दहा जीबीच्या व्हिडिओला चार-साडेचार मिनिटे. तोच व्हिडिओ ५ गिगाबिटच्या जोडणीवरून अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातो.

मात्र केबल बदलण्याआधी फोनची तांत्रिक माहिती वाचावी, कारण काही फोनमधले पोर्टच जुन्या वेगाचे असते. आयफोन १५ चेच पाहा. २०२३ मध्ये त्याला यूएसबी-सी आले, पण साध्या मॉडेलचा वेग ४८० मेगाबिटच राहिला, तर प्रो मॉडेलला १० गिगाबिट मिळाले. बाहेरून दोन्ही छिद्रे हुबेहूब सारखी आहेत. फोन, केबल आणि लॅपटॉप या तिघांमध्ये जो सर्वांत मंद असेल, त्याच्याच वेगाने काम होते.

चार्जिंगची गोष्ट आणखी वेगळी. साधी सी-टू-सी केबल ६० वॉटपर्यंत वीज नेते. त्यापुढे केबलमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप असावी लागते, जी चार्जरला ‘मला इतकी वीज झेपते’ असे कळवते. २०२१ च्या मानकापासून ही मर्यादा २४० वॉटपर्यंत गेली आहे. परंतु २४० वॉट लिहिलेली केबल माहितीच्या वेगाला ४८० मेगाबिटचीच असू शकते, आणि बाजारात अशा केबल भरपूर आहेत. म्हणून केबल घेताना वॉट आणि गिगाबिट हे दोन्ही आकडे छापलेले असतील तीच घ्यावी, आणि घरी आणल्यावर तिला चिठ्ठी लावून ठेवावी. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचे केल्यामुळे चार्जरचा पसारा कमी झाला हे खरे, पण एकसारख्या दिसणाऱ्या केबलींच्या गुंत्यावर त्या नियमातही पुरता उतारा नाही.

प्रश्न : कपड्याला लावायची एआय यंत्रे, एआय चष्मे, एआय लॅपटॉप अशा जाहिराती सतत दिसतात. यांतले काही घेण्याजोगे आहे का? आपले मत स्पष्ट सांगावे.

उत्तर : स्पष्ट मत असे की कपड्याला लावायची यंत्रे घेऊ नयेत, चष्म्याचा विचार ज्याला त्याची खास गरज आहे त्याने करावा, आणि एआय लॅपटॉप घ्यायचाच असेल तर तो एआयसाठी म्हणून घेऊ नये.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण ताजे आहे. ह्युमेन या कंपनीची एआय पिन एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हाती पडू लागली. छातीशी लावायची, पडदा नसलेली, तळहातावर लेझरने अक्षरे उमटवणारी ही वस्तू दिसायला देखणी होती. तिची किंमत भरून झाल्यावर दरमहा वर्गणीही द्यावी लागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने आपला बराचसा व्यवसाय एचपीला विकल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पिनचे सर्व्हर बंद झाले. फोन लावणे, निरोप धाडणे, प्रश्न विचारणे, सगळे एका दिवसात थांबले. यंत्र बिघडले नव्हते; ते ज्याच्या जिवावर चालत होते ते यंत्राच्या आत नव्हतेच. म्हणून अशी कोणतीही वस्तू हाती आली की विक्रेत्याला इंटरनेट बंद करायला सांगावे आणि मग ती काय काय करू शकते ते पाहावे. आपला फोन त्या अवस्थेतही फोटो काढतो, गजर लावतो, जतन केलेली पुस्तके वाचू देतो.

चष्म्यांची बाजू थोडी वरचढ आहे, कारण हात मोकळे ठेवून काम करणे ही खरी सोय आहे. ज्यांची दृष्टी क्षीण आहे, त्यांना औषधाच्या बाटलीवरचा मजकूर किंवा समोरची पाटी वाचून दाखवणारा चष्मा फारच उपयोगी ठरू शकतो. आक्षेप आहे तो समोरच्या माणसाच्या बाजूने. २०१३ मध्ये गूगल ग्लास हा कॅमेरा असलेला चष्मा काही निवडक लोकांना मिळाला, तेव्हाही आपले चित्रण होते आहे की नाही हे समोरच्याला कळत नसल्याने नाराजी झाली होती. रे-बॅन मेटासारख्या नव्या चष्म्यांत चित्रण चालू असताना लहान दिवा लागतो. भर उन्हात तो दिवा किती जणांच्या लक्षात येईल आणि आला तरी त्याचा अर्थ किती जणांना कळेल, याविषयी मला शंका आहे.

एआय लॅपटॉपवरचे ‘कोपायलट प्लस’ हे मायक्रोसॉफ्टचे लेबल मे २०२४ मध्ये आले. ते मिळण्यासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा खास प्रोसेसर), किमान १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण लागते. ऐकायला हा पहिला आकडा दांडगा आहे. पण ज्या संभाषणी एआय सेवा आपण ब्राउझरमध्ये उघडतो, त्या कंपन्यांच्या दूरच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना आपल्या लॅपटॉपमधल्या एनपीयूचा उपयोग नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मागची बाजू धूसर करणे, ऐकू येणाऱ्या बोलण्याचे उपशीर्षक तत्काळ दाखवणे अशी कामे तो कमी बॅटरी खर्चून करतो, आणि सध्या त्याचा लाभ मुख्यतः एवढाच आहे. नाहीतरी नवा लॅपटॉप घ्यायचा असेल तर १६ जीबी रॅमसाठी या लेबलकडे जरूर पाहावे. नीट चालणारा लॅपटॉप मात्र त्यासाठी बदलू नये.

प्रश्न : सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारे मनगटी घड्याळ घेऊ का? झोपेची नोंद किती खरी मानावी?

उत्तर : साखरेसाठी घेऊ नये. त्वचेला छेद न देता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर ते जिवावर बेतू शकते. दंडावर लावलेल्या सेन्सरचा आकडा नुसता दाखवणारे घड्याळ ही गोष्ट वेगळी. तिथे मोजमाप त्वचेखाली गेलेला सेन्सर करतो. नाडीचे ठोके हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने मोजले जातात आणि पट्टा नीट बसला असेल तर बसल्या जागी ते बरेच विश्वसनीय असतात. झोपेचे टप्पे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूचे तरंग टिपतात. घड्याळ ते टिपत नाही, हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. किती वाजता झोपलो आणि उठलो याची महिन्याभराची नोंद पाहावी, ‘गाढ झोप ४७ मिनिटे’ याने चिंतेत पडू नये.

प्रश्न : पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा, त्यात मोठी-लहान अक्षरे आणि चिन्हे असावीत, असे कार्यालयात सांगतात. ते लक्षात राहत नाहीत. आता ‘पासकी’ तयार करा असे संदेश येतात, त्या घ्याव्यात का?

उत्तर : कार्यालयाचा नियम कार्यालयात पाळावा, पण घरच्या खात्यांसाठी तो विसरला तरी चालेल. ज्या अमेरिकी मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून हे नियम जगभर पसरले, त्याच एनआयएसटीने २०१७ मध्ये उलट शिफारस केली की पासवर्ड फुटल्याची शंका असेल तेव्हाच तो बदलायला लावावा. सक्तीने बदलायला लावले की माणसे शेवटच्या १ चा २ करतात, आणि हे चोरांनाही ठाऊक असते. चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी महत्त्वाची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला पासवर्ड लक्षातही राहतो आणि फोडायलाही अवघड जातो. खरा धोका असतो तो एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात, कारण एखाद्या किरकोळ संकेतस्थळावरून फुटलेली यादी चोर लगेच ईमेलच्या खात्यांवर चालवून पाहतात. म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरावा आणि त्याचा एकच मुख्य पासवर्ड पाठ ठेवावा.

पासकी जरूर घ्यावी. पासवर्ड टाइप करण्याऐवजी बोटाचा ठसा किंवा फोनचे कुलूप उघडून खात्यात शिरण्याची ही पद्धत आहे. ती तयार करताना आपल्या फोनमध्ये दोन किल्ल्यांची जोडी बनते. खाजगी किल्ली आपल्याकडे राहते आणि संकेतस्थळाकडे फक्त सार्वजनिक किल्ली जाते, त्यामुळे त्यांचा साठा फुटला तरी चोराच्या हाती कामाचे काही लागत नाही. शिवाय पासकी मूळ पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर माणूस फसतो, पासकी तिथे चालतच नाही. पासकी वापरताना दिलेला बोटाचा ठसाही फोनच्या बाहेर जात नाही. घेण्यापूर्वी एवढेच पाहावे की फोन हरवल्यास खात्यात शिरण्याचा दुसरा मार्ग तयार आहे. दुसऱ्या उपकरणावर आणखी एक पासकी करून ठेवणे किंवा मिळालेले रिकव्हरी कोड कागदावर लिहून जपणे, हे त्याच दिवशी उरकावे.

प्रश्न : फोनमधली जागा संपली म्हणून क्लाउडवर गेलेले फोटो फोनमधून पुसले, तर ते क्लाउडवरूनही गेले. मग क्लाउडचा उपयोग काय?

उत्तर : आधी हे पान बाजूला ठेवून कचरापेटी उघडावी. क्लाउडवर चढलेले आणि नंतर पुसलेले फोटो गूगल फोटोजच्या ‘ट्रॅश’मध्ये ६० दिवस राहतात, आणि आयक्लाउडच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस. त्या मुदतीत ते एका स्पर्शाने परत येतात.

या सेवांचे काम फोन आणि क्लाउड यांच्यातला मजकूर एकसारखा ठेवणे हे आहे, त्यामुळे एकीकडे पुसले की दुसरीकडे पुसले जाणे हे त्यांच्या लेखी बरोबरच असते. नुसती फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू करावे, म्हणजे मूळ फोटो क्लाउडवर राहतो आणि फोनमध्ये त्याची हलकी प्रत.

परत न मिळणाऱ्या फोटोंसाठी छायाचित्रकारांमध्ये रुळलेला ३-२-१ चा नियम पाळावा : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. क्लाउड ही घराबाहेरची प्रत समजावी आणि एक सुटी हार्ड डिस्क घ्यावी. वेगासाठी एसएसडी कितीही चांगली असली तरी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहायच्या प्रतीसाठी जुनी तबकडीची डिस्कच बरी, आणि पेन ड्राइव्ह तर नकोच. प्रत घेऊन झाली की डिस्कची केबल काढून ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस संगणकात शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो. सहा महिन्यांतून एकदा ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, मधल्याच कुठल्या तरी फोल्डरमधले पाच-दहा फोटो पूर्ण आकारात उघडून पाहावेत. फायलींची नावे दिसतात पण फोटो उघडत नाहीत, असा प्रकार वेळेवर लक्षात आला तर दुसऱ्या प्रतीवरून ते नव्याने उतरवून घेता येतात.